जुनं इंग्लिश टेबल पालथं घालताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यॉर्कशरमध्ये राहतो. आठवडाभर पोटापाण्याची नोकरी आणि शनिवार-रविवारी जुन्या लाकडी टेबलांची डागडुजी, असा माझा संसार. ही गोष्ट इथल्या मराठी मंडळींमध्ये पसरल्यापासून फोनवर फोटो येत असतात. काही लंडनहून, काही लेस्टरहून, अधूनमधून पुण्याहूनही. फोटो हमखास वरून काढलेला, टेबलावर फुलदाणी आणि खाली एकच ओळ: "खरं आहे का हो?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. फुलदाणी उचला, टेबल पालथं घाला आणि खालचा फोटो पाठवा. त्यानंतर जे प्रश्न येतात ते बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो.

अँटिक म्हणजे नेमकं किती जुनं?

सर्वसाधारण संकेत शंभर वर्षांचा. पण इथले जुन्या वळणाचे व्यापारी १८३० ची रेघ मानत. त्या सुमारापर्यंतचं काम मुख्यतः हातानं झालेलं, पुढे यंत्रं येत गेली, असा त्यामागचा हिशेब. मला ती रेघ जरा कडक वाटते. १८३० नंतरही उत्तम टेबलं झाली. पण एखाद्याने "अँटिक आहे" म्हटलं की शंभर वर्षांचं म्हणतोय की दोनशे, हे विचारून घ्यावं.

लाकूड कोणतं ते कसं कळणार?

ढोबळपणे इंग्लिश टेबलांची तीन युगं लाकडावरून पडतात: ओक, अक्रोड आणि महॉगनी.

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ओकचं राज्य. जड, कडक, तपकिरी-काळपट. ओकचं खोड मधून बाहेरच्या दिशेनं, संत्र्याच्या फोडी पाडाव्यात तसं चिरलं, तर फळीवर चंदेरी पट्टे उमटतात. हे पट्टे दिसले की चिरणाऱ्यानं लाकूड वाचवायचा कंजूषपणा केलेला नाही हे समजायचं. अशी फळी वाकतही कमी.

१६६० मध्ये दुसरा चार्ल्स परदेशातून परतून गादीवर बसला आणि त्याच्यामागून युरोपातली फॅशन आली. अक्रोडाच्या लाकडाला भाव आला. अक्रोड महाग, म्हणून आत ओक किंवा पाइनचा सांगाडा आणि वर अक्रोडाचा पातळ पत्रा, म्हणजे व्हीनियर. आता व्हीनियर म्हटलं की आपल्याला प्लायवूडची कपाटं आठवतात आणि नाक मुरडलं जातं. तसं करू नका. त्या काळचं व्हीनियर हातकरवतीनं काढलेलं, दीड-दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड. आजचं अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं. व्हीनियर उचकटलेल्या कोपऱ्यात ही जाडी दिसते, आणि वयाची पहिली खूण तिथेच मिळते.

मग १७०९ च्या भयंकर हिवाळ्यात युरोपभर अक्रोडाची झाडं मेली आणि १७२० मध्ये फ्रान्सनं अक्रोडाचं लाकूड बाहेर पाठवायला बंदी घातली. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेनं अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली. झालं, जमैकातून महॉगनीची जहाजं सुरू. पुढे क्यूबा आणि होंडुरासचाही माल आला. महॉगनीचं खोड इतकं रुंद की जेवणाच्या टेबलाची आख्खी फळी एकाच तुकड्यात निघे. लाकूड घट्ट, कीड सहसा न लागणारं, आणि नक्षी अशी धारदार उठते की पटाशी हातात धरणाऱ्याला मोह आवरू नये. ही झाडं जमैकात आणि होंडुरासच्या किनाऱ्यावर तोडली ती गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी. तकतकीत टेबलासमोर उभं राहून हे विसरायला फार सोपं जातं, म्हणून लिहून ठेवलं.

(हल्ली आपल्याकडे शेतात महॉगनी लावायची टूम आहे. नाव तेच असलं तरी जात तीच असेल असं नाही.)

खिळे नाहीत म्हणतात, मग टेबल उभं कसं राहतं?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. पायाच्या वरच्या भागात चौकोनी भोक पाडायचं आणि आडव्या पट्टीच्या टोकाला त्या मापाचं कुसू, म्हणजे पुढे आलेली जीभ, काढायचं. कुसू भोकात बसवलं की आरपार एक लाकडी खुंटी ठोकायची. इथवर आपल्याकडच्या जुन्या दारांच्या चौकटींसारखंच. गंमत पुढे आहे. खुंटीसाठी पायाला पाडलेलं छिद्र आणि कुसवाला पाडलेलं छिद्र एका रेषेत ठेवतच नाहीत. मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर सरकवतात. निमुळती खुंटी ठोकली की ती वाकत वाकत आत जाते आणि कुसवाला खेचून पायाशी गच्च आवळते. सरस लावला नाही तरी सांधा सुटत नाही. चारशे वर्षांची ओकची टेबलं आजही या खुंट्यांवर उभी आहेत.

काळाबरोबर भोवतालचं लाकूड आकसतं, म्हणून खुंटीचं टोक किंचित वर आलेलं असतं. बोट फिरवलं की लागतं. खुंटी चाकूनं तासलेली, त्यामुळे पूर्ण गोल नसते. कंपासनं काढल्यासारखी गोल आणि फळीशी सपाट खुंटी दिसली तर मी खुर्ची ओढून बसतो आणि बाकीचं टेबल नीट बघतो.

हे काम कुणी करायचं यावरून लंडनमध्ये भांडणंही झाली. कारपेंटर आणि जॉइनर असे सुतारांचे दोन वेगळे संघ. १६३२ मध्ये शहराच्या आल्डरमन मंडळानं निवाडा दिला: कुसू, डव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेला सांधा) आणि सरस यांचं काम जॉइनरांचं, खिळे ठोकून फळ्या जोडायचं काम कारपेंटरांचं. कागदावर निवाडा झाला म्हणून भांडण मिटलं असं समजायचं कारण नाही.

पायांवरून काळ ओळखता येतो का?

अंदाज येतो. पहिल्या एलिझाबेथच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, झाकण ठेवलेल्या मोठ्या पेल्यासारखे फुगीर कातीव पाय. चार्ल्सच्या काळात दोरीसारखा पीळ दिलेले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुडघ्यात वाकून बाहेर आलेले, आणि तळाशी पंज्यात धरलेला चेंडू. शतकाच्या अखेरीस सरळ, निमुळते. पण एकोणिसाव्या शतकातल्या कातारींनी या सगळ्याच्या नकला भरपूर काढल्या, त्यामुळे नुसत्या पायावर पैज लावू नका.

आमच्याकडचं टेबल चिपेंडेल आहे म्हणे. किती मोलाचं असेल?

बहुधा "चिपेंडेल पद्धतीचं" आहे. हा फरक कित्येक लाखांचा असतो.

थॉमस चिपेंडेल हा यॉर्कशरमधल्या ऑटली गावचा, जन्म १७१८. लंडनला सेंट मार्टिन्स लेनमध्ये त्याचं दुकान होतं. १७५४ मध्ये त्यानं फर्निचरच्या नमुन्यांचं मोठं चित्रपुस्तक छापलं. ते हातोहात गेलं आणि इंग्लंडभरच्या, पुढे अमेरिकेतल्याही सुतारांनी त्यावरून कामं केली. म्हणजे नमुना त्याचा, हात भलत्याचा. त्यातून चिपेंडेल आपल्या मालावर शिक्का मारत नसे. त्यामुळे त्याच्या दुकानातून गेलेली वस्तू सिद्ध होते ती मुख्यतः घराण्यांच्या जुन्या बिलांवरून. यॉर्कशरमधल्या नॉस्टेल या वाड्याच्या ग्रंथालयातलं मोठं टेबल १७६७ चं, किंमत ७२ पौंड १० शिलिंग, आणि याचं बिल आहे म्हणून वाद नाही.

हेपलव्हाइट आणि शेरेटन या अठराव्या शतकातल्या दुसऱ्या दोन फर्निचरवाल्यांच्या नावांचंही तेच. हेपलव्हाइटचं पुस्तक तर तो गेल्यावर १७८८ मध्ये त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, प्रसिद्ध केलं. त्याच्या हातचं म्हणून खात्रीनं दाखवावं असं एकही फर्निचर आज नाही आणि तरी त्याच्या नावाच्या खुर्च्या-टेबलांनी दुकानं भरलीत.

शिक्का हवाच असेल तर लँकेस्टरच्या गिलो या फर्निचर करणाऱ्या घराण्याचा शोधा. अठराव्या शतकाच्या अखेरपासून त्यांनी अनेक वस्तूंवर नाव ठोकलं. ते खणाच्या पुढच्या फळीच्या वरच्या कडेवर, खण ओढल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी असतं.

टेबल मोठं-लहान करायच्या युक्त्या जुन्याच आहेत का?

खूप जुन्या. मध्ययुगात तर घोडीवर लांब फळी टाकली की टेबल, जेवणं उरकली की फळी भिंतीशी. केंटमधल्या पेन्सहर्स्ट प्लेसच्या दालनात तशी टेबलं अजून आहेत. इंग्रजीत फळीला बोर्ड म्हणतात, आणि आपण आज ज्या कंपनीच्या बोर्डाची मीटिंग म्हणतो तो बोर्ड मुळात हीच फळी.

एलिझाबेथच्या काळात वरच्या फळीखाली दोन जादा फळ्या लपवलेली टेबलं आली. त्या उतरत्या पट्ट्यांवरून बाहेर ओढल्या की वरची फळी आपोआप खाली बसून सगळं एका पातळीत येतं. मग सतराव्या शतकात फाटकासारखा फिरणारा पाय आला: पाय बाहेर वळवा, लोंबती फळी वर उचलून त्याच्यावर टेकवा. लहान फ्लॅटमध्ये आजही याच्याइतकं शहाणं टेबल नाही.

अठराव्या शतकात बऱ्याच श्रीमंत घरांतही जेवणाचं एकच अगडबंब टेबल कायमचं मांडलेलं नसे. दोन-तीन टेबलं आणून जोडत, जेवणानंतर हलवत. ती मोडूनतोडून पुढे दुसऱ्याच जोड्या लागल्या, त्याबद्दल खाली लिहिलंय. १८०० मध्ये रिचर्ड गिलोनं दुर्बिणीच्या नळ्यांसारख्या एकातून एक सरकणाऱ्या पट्ट्यांचं पेटंट घेतलं.

पण माझ्या मते कळस म्हणजे रॉबर्ट जुपचं १८३५ चं गोल टेबल. वरचा गोल धरून फिरवला की तो पोळीच्या चतकोरांसारखा आठ तुकड्यांत फाकतो, तुकडे बाहेर सरकतात आणि फटींमध्ये जादा पाकळ्या बसवल्या की पुन्हा गोलच, फक्त मोठा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चार वेळा उघडायला लावलं. दाखवणारा माणूस कंटाळला.

खरं-खोटं ओळखायचं कसं? थोडक्यात सांगा.

थोडक्यात नाही जमणार. टेबल पालथं घालून मी काय बघतो ते सांगतो.

आधी रंग. खालची बाजू कुणाला दिसत नसे, म्हणून तिला पॉलिश करायच्या भानगडीत कुणी पडत नसे. ती कोरडी, भुरकट, धुळकट असायला हवी. वर आणि खाली सारखाच चॉकलेटी रंग फासला असेल तर कुणीतरी काहीतरी झाकलंय.

मग बोटं फिरवतो. हातरंध्यानं तासलेल्या फळीला हलक्या लाटा असतात. डोळ्याला दिसत नाहीत पण बोटाला कळतात. न रंधलेल्या जागी करवतीचे ओरखडे बघायचे. सरळ, कमीजास्त अंतराचे असतील तर खड्ड्यावर ओंडका टाकून एक माणूस वर, एक खाली अशा दोघांनी ओढलेली करवत. अर्धगोल ओरखडे म्हणजे चक्री करवत. ती एकोणिसाव्या शतकातली चाल.

स्क्रूही बोलतात. जुना स्क्रू हातानं कानसलेला: टोक बोथट, डोक्यावरची खाच मधोमध नसलेली. अणकुचीदार टोकाचे यंत्रातले स्क्रू १८५० च्या आसपास आले. अर्थात नंतर कुणी दुरुस्तीत नवा स्क्रू घातला म्हणून टेबल खोटं ठरत नाही. सगळेच नवे असतील तेव्हा विचारात पडायचं.

खण असेल तर बाहेर काढा. कोपऱ्यातला डव्हटेल हातचा असेल तर दात थोडे लहानमोठे असतात आणि सुतारानं आखलेली रेघ अजून दिसते. सगळे दात कवायतीत उभे असल्यासारखे एकसारखे असतील तर ते यंत्र.

गोल टेबल असेल तर टेप घ्या. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं आकसतं, लांबीच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. म्हणून दोनशे वर्षांचं गोल टेबल तंतोतंत गोल राहत नाही. एका बाजूनं काही मिलिमीटर, मोठं असेल तर सेंटीमीटरभरही कमी भरतं. ही खूण मला फार प्रिय आहे, कारण ती वठवायची म्हणजे खटपट फार.

किडीची भोकं ही मात्र फसवी खूण. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं खरी असू शकतात. पण पृष्ठभागावर किडीचा आख्खा बोगदा उघडा पडून नाळीसारखा दिसत असेल, तर ते लाकूड कीड लागून गेल्यावर पुन्हा चिरलंय. म्हणजे जुनं लाकूड, नवं टेबल.

आणि झीज. पायांच्या मधल्या आडव्या पट्टीवर शतकानुशतकं बुटांचे तळवे टेकलेले असतात, त्यामुळे ती वरून झिजते. माणूस बसून बघा, तुमचा पाय जिथे पडतो तिथेच झीज आहे ना? नकली झीज सगळीकडे सारखी असते.

टेबलांचं "लग्न" म्हणजे काय?

इंग्लंडातल्या व्यापाऱ्यांचा हा खास शब्द. एका टेबलाचा माथा, दुसऱ्याचे पाय, दोन्ही जुनेच, पण एकमेकांचे नव्हेत. अशा जोडीला ते लग्न म्हणतात. आमचंही एकदा असंच लागलं. एका लिलावघरातून मी अठराव्या शतकातली महॉगनीची तिपाई घेतली, वरची फळी तिरपी होऊन भिंतीशी उभी राहणारी. घरी आणून पालथी घातली तर फळीखाली आताच्या दोन आडव्या पट्ट्या, आणि त्यांच्या शेजारी चार बोटांवर दुसऱ्याच दोन पट्ट्यांच्या सावल्या. मध्ये काळ्या मेणानं बुजवलेली स्क्रूची भोकं. लिलावाच्या आधी हे बघायला दोन दिवस होते. मी फक्त वरची चकाकी बघत राहिलो. ती तिपाई अजून माझ्याकडे आहे, चहा ठेवायला.

तिपायांत आणखी एक लबाडी चालते. पाय-क्रस्ट (हा टेबलाचा पाय नव्हे, इंग्रजी pie) म्हणजे करंजीच्या मुरडीसारखा काठ असलेली फळी महाग जाते. खरी असेल तर सुतारानं जाड फळी घेऊन, काठ तेवढा ठेवून, मधलं सगळं लाकूड खोल उतरवलेलं असतं. मागाहून साध्या फळीला मुरड कोरली असेल तर मधला भाग फार पातळ होतो, आणि खालच्या स्क्रूंची टोकं वरून डोकावायला लागतात.

ही तकाकी कशाची?

जुन्या ओकवर तेल आणि मधमाशीचं मेण. साधारण १८२० पासून इंग्लंडात फ्रेंच पॉलिश आलं. नाव फ्रेंच, माल आपला. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्यानं गोल गोल फिरवत डझनावारी हात द्यायचे, हे ते पॉलिश. लाख जाते ती मुख्यतः हिंदुस्थानातून, पळस, कुसुंब, बोरीच्या फांद्यांवरच्या किड्यांनी केलेली. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडेही लाख होते. बकिंगहॅमच्या दरबारातल्या टेबलाचं तेज आणि बांगडीवाल्याची लाख ही सख्खी भावंडं.

हळद सांडली! आता?

घाबरू नका आणि स्पिरिट, सॅनिटायझर यातलं काही लावू नका. लाख स्पिरिटमध्येच विरघळलेली असते, तुम्ही स्पिरिट पुसलंत की पॉलिश परत विरघळणार. २०२० नंतर माझ्याकडे सॅनिटायझरनं पांढरी पडलेली टेबलं हळदीपेक्षा जास्त आली. जवळजवळ पिळून कोरड्या केलेल्या फडक्यानं टिपा. राहिलेला पिवळेपणा उजेडात हळूहळू फिका पडतो, हळदीचा तो गुणच आहे. मात्र टेबल उन्हात नेऊन ठेवू नका, महॉगनीही फिकी पडेल. गरम पातेल्यानं उठणारी पांढरी गोल खूण म्हणजे लाखेत अडकलेली वाफ. ती जाणकाराकडून निघते.

स्प्रेचं पॉलिश मारू का?

नको. वर्षातून एकदा-दोनदा मेण, रोज कोरडं फडकं.

घासून नवंकोरं करून घेतलं तर?

मग ते टेबल घ्यायचं कशाला? दोनशे वर्षांचे हात, मेण, ऊन, सांडलेली वाइन यांचा थर हाच त्याचा चेहरा. पॉलिशपेपर मारला की तो पंधरा मिनिटांत जातो आणि परत येत नाही.

सांधा ढिला झाला असेल तर मात्र दुरुस्ती करावीच, पण सरसानं. जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून गरम करतात आणि गरमच लावतात. उद्या कुणाला सांधा उघडायचा झाला तर थोडी ऊब आणि ओल दिली की सुटतो. बाजारातला पांढरा गोंद एकदा बसला की सांधा उघडताना लाकूडच फाटतं. या कामात सरसच सरस.

टेबल मुंबईला किंवा कोकणात नेलं तर टिकेल का?

भरीव ओक किंवा महॉगनीचं असेल तर बऱ्यापैकी. व्हीनियरवालं असेल तर सांभाळा. खरा शत्रू दमटपणा नसून त्यातली उडी आहे: दिवसभर पावसाळी हवा, रात्री एसी, परत सकाळी पावसाळी हवा. लाकूड फुगतं, आकसतं, सरस कंटाळून सोडतो आणि व्हीनियर फुगतं. एसीच्या झोताखाली आणि बाहेरच्या ओल्या भिंतीला लागून ठेवू नका. पायाखाली वाळवीची चौकशी ठेवा, इंग्लंडमधल्या घरात तिची सवय त्या टेबलाला नाही.

नेताना कागदपत्रंही बघा. हस्तिदंत जडवलेलं असेल तर ब्रिटनचा २०१८ चा कायदा, जो २०२२ पासून लागू झाला, विक्रीवर कडक अटी घालतो. ब्राझिली रोजवूडला १९९२ पासून आंतरराष्ट्रीय संरक्षण आहे. आणि शंभर वर्षांपुढच्या वस्तू भारतातून परत बाहेर न्यायला १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो, म्हणजे एकदा नेलं ते नेलं असं धरून चाला.

किमती खरंच पडल्यात का?

हो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इथल्या लोकांना महॉगनी जुनाट वाटायला लागली. व्यापारी कुरकुरत त्याला "तपकिरी फर्निचर" म्हणतात. जॉर्जियन काळातलं, म्हणजे साधारण १७१४ ते १८३० मधलं, घडीचं टेबल अनेकदा दुकानातल्या नव्या टेबलापेक्षा स्वस्त मिळतं. गिऱ्हाईक म्हणून मला त्याचं दुःख नाही.

आजोबांचं शिसवी टेबल इंग्लिश आहे का?

बहुधा नाही, आणि त्यात कमीपणा नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईतल्या कारागिरांनी शिसवीमध्ये इंग्लिश घाटाची टेबलं केली आणि त्यांवर पानंफुलं, पक्षी असे कोरले की इंग्रजांनीही ती जहाजांवर घालून घरी नेली. वाड्यातलं टेबल पालथं घाला. आतल्या पट्ट्या सागवानाच्या निघाल्या तर उत्तर मिळालं. इंग्लिश सुतार दडलेल्या जागी ओक नाहीतर पाइन वापरतो.

प्रत्यक्ष बघायला कुठे जाऊ?

लंडनमध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, फुकट आहे. डर्बीशरमध्ये हार्डविक हॉल हा जुना वाडा. तिथलं १५६७-६८ च्या सुमाराचं एग्लंटाइन टेबल म्हणजे लाकडात जडवलेली वाद्यं, पत्ते आणि चक्क सुरांची लिपी. यॉर्कशरला आलात तर लीड्सजवळचे दोन जुने वाडे, टेंपल न्यूसम आणि हेअरवूड, जिथे (हेअरवूडला) चिपेंडेलचं सगळ्यात मोठं काम झालं. हेअरवूडचं घर उभं राहिलं ते लॅसेल्स घराण्याच्या बार्बाडोसमधल्या उसाच्या आणि गुलामांच्या पैशावर.

आणि विंचेस्टरला जा. तिथल्या दालनाच्या भिंतीवर साडेपाच मीटर व्यासाचं, बाराशे किलोंचं ओकचं गोल टेबल टांगलंय. दंतकथेतल्या राजा आर्थरचं म्हणून लोक शतकानुशतकं त्याला हात जोडत आले. आठव्या हेन्रीनं तर त्यावर आर्थरचं चित्र रंगवून घेतलं. १९७६ मध्ये संशोधकांनी ते खाली उतरवलं आणि लाकडातली वर्षवलयं मोजली, तर ओक निघाला तेराव्या शतकातला, म्हणजे आर्थरच्या काळानंतर कित्येक शतकांनी तोडलेला. मागच्या बाजूला बारा पायांची चौकोनी भोकं अजून तशीच होती.